आईवडिलांना घेऊन कॅट्सकिलच्या डोंगरात दोन रात्री: इन कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारं कुटुंब, पुण्याहून आलेले सत्तरीचे आईवडील, चार वर्षांची मुलगी. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला न्यू यॉर्कच्या उत्तरेला कॅट्सकिलच्या डोंगरात दोन रात्री जायचंय. साखळी हॉटेल नको, एखादं जुनं, लहान, लाकडी इन, म्हणजे मोजक्या खोल्यांचं घरगुती मुक्कामाचं ठिकाण हवं. आईवडील शाकाहारी आहेत, आईचे गुडघे दुखतात. कुठे जावं, इन कसं निवडावं, जेवणाचं काय करावं, आणि हे सगळं दोन दिवसांत दगदगीशिवाय बसेल का?

बसेल, आणि छान बसेल. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधल्या मराठी कुटुंबांच्या अशा सहली मी बरीच वर्षं आखून देते आहे. त्यातल्या बऱ्याचशा भारतातून आलेल्या आईवडिलांसोबतच्याच असतात, त्यामुळे सविस्तरच सांगते.

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: फोटो बघून इन निवडू नका. इनच्या दारातून बाहेर पडल्यावर गाडीला हात न लावता चालत कुठे जाता येतं, ते आधी बघा. कॅट्सकिलमधली कित्येक देखणी इन्स थेट हमरस्त्यावर आहेत. समोरून गाड्या ताशी ५५ मैलांनी जातात, फुटपाथ नाही, कडेला चालायला जागा नाही. तरुण जोडप्याला त्याचं काही वाटत नाही, कारण ती दोघं गाडी काढून ट्रेकला जातात. पण आईवडील अशा इनमध्ये अडकतात. तुमच्याशिवाय त्यांना साधं पाय मोकळे करायलाही जाता येत नाही, आणि तुम्ही नेलंत की पुन्हा गाडीत बसणं आलंच. एडिसनहून तिथवर अडीच तास, पुढे प्रत्येक ठिकाणाला अर्धा-पाऊण तास, असं करत दोन दिवस बिचारे मागच्या सीटवर काढतात. याउलट इन एखाद्या लहान गावात असलं, पाच मिनिटांवर ओढा, दोन बाकडी आणि कॉफीचं दुकान असलं, की वडील सकाळी सहाला उठून एकटे फिरून येतात. त्यांच्यासाठी खरी सुट्टी तीच. बाकी सगळी निवड या एका कसोटीभोवती करा.

आता कुठलं गाव. कॅट्सकिल म्हणजे एक जागा नव्हे, तर डोंगरांचा मोठा पसारा आहे, आणि कुठलं खोरं निवडता त्यावर सहलीचा सगळा रंग ठरतो. तुमच्या वडिलांनी सह्याद्री तुडवला असेल तर त्यांना एक गोष्ट लगेच दिसेल: इथल्या कड्यांतले खडकांचे थर बहुतेक आडवे आहेत. हे डोंगर घड्या पडून वर आलेले नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचं पठार उचललं गेलं आणि मग ओढ्यांनी ते कापत नेलं. म्हणून इथली दऱ्याखोरी अरुंद, वळणावळणाची, आणि एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायला बराच वळसा घ्यावा लागतो. नकाशावर दहा मैल दिसतात म्हणून दहा मिनिटं धरू नका.

तुमच्यासाठी मी रूट २८ वरचं इसोपस ओढ्याचं खोरं निवडेन: माउंट ट्रेम्पर, फिनिशा, पाइन हिल हा पट्टा. थ्रूवेच्या, म्हणजे न्यू यॉर्क राज्याच्या टोलच्या महामार्गाच्या, किंग्स्टनच्या एक्झिटपासून सरळ, फारशी वळणं नसलेला रस्ता. गाडी लागणाऱ्या लहान मुलीसाठी ही मोठी सोय आहे. फिनिशा हे तर चालण्याजोगं गाव. एक मुख्य रस्ता, मागे ओढा, चारही बाजूंनी डोंगर अंगावर आल्यासारखे.

वूडस्टॉकही चालण्याजोगं आहे आणि दुकानं, गॅलऱ्या जास्त आहेत, पण ऑक्टोबरच्या शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. (१९६९ चा तो प्रसिद्ध महोत्सव तिथे झालाच नव्हता. तो झाला बराच दूर, बेथेलमधल्या एका शेतावर. नावासाठी वूडस्टॉकला जाणारे दरवर्षी भेटतात, म्हणून सांगितलं.) टॅनर्सव्हिल आणि हंटरचा भाग उंचावर आहे, धबधबे तिथेच आहेत, पण थंडीही जास्त. पश्चिमेला डेलावेअर काउंटीत अँडीज, रॉक्सबरी ही गावं फार शांत आणि मोकळी आहेत, मला स्वतःला तीच सर्वांत आवडतात. पण तुमच्या घरापासून तीन तास धरा, आणि जेवणाचे पर्याय कमी.

मोहाँक माउंटन हाउसबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते १८६९ पासून चालू आहे, तळ्याकाठी किल्ल्यासारखं उभं आहे, आणि आईवडिलांना थक्क करणारं आहे यात शंका नाही. पण ते न्यू पॉल्ट्झजवळच्या शॉनगंक डोंगररांगेत आहे, कॅट्सकिलमध्ये नाही. शिवाय ते शेकडो खोल्यांचं रिसॉर्ट आहे. दर जेवणासकट असतो आणि लहान इनच्या कितीतरी पट. तुम्हाला हवं आहे ते हे नव्हे. एखाद्या वाढदिवसाला, लग्नाच्या पन्नासाव्या वर्षाला जरूर जा.

आता तारखा. इथे लोक एकच चूक वारंवार करतात: ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला जोडून जातात. तो वीकेंड वर्षातला सगळ्यात गर्दीचा. दर चढलेले, कमीत कमी दोन किंवा तीन रात्रींची अट, आणि रस्ते तुंबलेले. रंग काही त्या सोमवारची वाट बघत थांबत नाहीत. ते वरून खाली उतरत येतात. सप्टेंबरच्या शेवटी शिखरांवर सुरुवात होते, ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मधल्या उतारांवर बहर असतो, आणि त्यानंतर हडसन नदीच्या काठाला रंग चढतो. दिवस लहान व्हायला लागले की झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडायला घेतात आणि आधीपासून असलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि त्याला लख्ख ऊन व थंड रात्री लागतात. सलग ढगाळ आठवडा गेला की त्या वर्षी लाल जरा फिका असतो. राज्याचं पर्यटन खातं दर आठवड्याला रंगांचा अहवाल काढतं, तो बघून फारतर तीन-चार दिवस मागेपुढे करता येतं. इन मात्र आधीच घेऊन ठेवावं लागतं. ऑक्टोबरसाठी जूनमध्ये बुकिंग करणं म्हणजे घाई नव्हे.

वाराचा माझा सल्ला: गुरुवार आणि शुक्रवार या दोन रात्री. बरेच जण रविवार-सोमवार स्वस्त म्हणून घेतात आणि मग कळतं की गावातली निम्मी रेस्टॉरंट्स सोमवार ते बुधवार बंद. गुरुवारी ती उघडी असतात, खोलीचा एक दिवस तरी आडवारच्या दरात मिळतो, आणि शनिवारी तुम्ही घरी परताल तेव्हा सगळी गर्दी समोरच्या लेनमधून वर चाललेली असेल. अडचण एवढीच की काही इन्स शुक्रवार दिला तर शनिवारही घ्यायला लावतात. फोन करून विचारा. दोन आठवड्यांवर आलं आणि खोली रिकामी दिसत असली, तर अट सैल होते.

दर साधारण सांगायचा तर चांगल्या लहान इनमध्ये ऑक्टोबरच्या वीकेंडला रात्रीचे २५० ते ४०० डॉलर धरा. त्यावर अल्स्टर (फिनिशाची) आणि ग्रीन (हंटरची) या दोन्ही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, ८ टक्के विक्रीकर, आणि काउंटीचा निवास कर वेगळा. तुम्हाला दोन खोल्या लागणार, तेव्हा हिशेब आधीच करून ठेवा. सफाई करणाऱ्यांसाठी रोजचे चार-पाच डॉलर रोज सकाळी ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेत तर आदल्या दिवशी ज्यांनी खोली आवरली त्यांना ते मिळतीलच असं नाही.

आता फोन. बुकिंगच्या साइटवरून थेट पैसे भरू नका. यादी तिथे करा, पण तीन-चार इन्सना स्वतः फोन लावा. लहान इनमध्ये फोन बहुधा मालकच उचलतात, आणि पाच मिनिटांच्या बोलण्यात जे कळतं ते शंभर रिव्ह्यू वाचून कळत नाही. ही इन्स हातबदल फार होतात. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकातले मालक आता तिथे असतीलच असं नाही, म्हणून रिव्ह्यू वाचायचेच तर गेल्या वर्षभरातले वाचा.

फोनवर आईच्या गुडघ्यांपासून सुरुवात करा. जुन्या लाकडी इनमध्ये लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात. अपंगांच्या सोयींचा १९९० चा फेडरल कायदा आहे, पण पाच किंवा कमी खोल्या असतील आणि मालक तिथेच राहत असेल तर तो त्या इनला लागू होत नाही. म्हणजे कठडा, रॅम्प, पकडायची दांडी असेलच असं गृहीत धरू नका. तळमजल्यावरची खोली मागा, आणि गाडीपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत ते मोजून सांगायला सांगा. "जस्ट अ फ्यू" या उत्तरावर थांबू नका. पोर्चच्याच पाच असतात.

मग बाथरूम. खोली स्वतःची असली तरी बाथरूम सामायिक असू शकते, हे पहिलं. दुसरं, जुन्या इन्सना आपल्या पायवाल्या ओतीव लोखंडी टबचा फार अभिमान असतो आणि फोटोत तो अप्रतिम दिसतो. पण त्याची कड गुडघ्याच्या वर येते. ओल्या पायाने ती ओलांडून आत जाणं आणि त्याहून कठीण म्हणजे बाहेर येणं, हे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला जमणारं नाही. कड नसलेला, थेट चालत आत जाता येणारा शॉवर आहे का, असं स्पष्ट विचारा. एखादी खोली फक्त या कारणासाठी नाकारावी लागली तरी नाकारा. तिसरं आईवडिलांना घरीच समजावून ठेवायचं: बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते. खाली पाणी सांडलं तर ते लाकडातून झिरपून खालच्या खोलीच्या छतावर उतरतं. पडदा टबाच्या आत घ्यायचा, आणि टबाबाहेर पाणी घ्यायचं नाही. तांब्या किंवा लहान मग घरून न्या, कारण तिथे मिळणार नाही.

पाण्याला कधी लोखंडाचा, कधी किंचित गंधकाचा वास येतो, कारण ते बऱ्याचदा इनच्या विहिरीचं असतं. पिण्यासारखंच असतं, पण आईला शंका येणार असेल तर घरून पाण्याचा कॅन न्या, वाद नको. सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं, म्हणून मुलीचे ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका.

हीटिंगबद्दल विचारा: खोलीचं तापमान खोलीत कमी-जास्त करता येतं, की पूर्ण इमारतीला एकच यंत्रणा? ऑक्टोबरच्या मध्यावर इथे रात्री पारा गोठणबिंदूच्या थोडासाच वर असतो, कधी खालीही जातो. वाफेचे जुने रेडिएटर रात्री फुसफुसतात आणि मध्येच हातोडा मारल्यासारखे ठणठणतात. घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं, पाइपात साचलेल्या पाण्यावर वाफ आदळली की तसं होतं. आईवडिलांना आधी सांगून ठेवलं तर ती दोघं दचकून उठणार नाहीत. ते चटका बसेल इतके तापतात, तेव्हा मुलीचा पलंग त्यापासून लांब सरकवा. फायरप्लेस आहे असं लिहिलं असेल तर तो लाकडाचा, गॅसचा की नुसता शोभेचा, ते विचारा. आणि मुळात चार वर्षांचं मूल चालतं का, तेही विचारा. बरीच लहान इन्स बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, आणि दारात पोचल्यावर हे कळण्याइतकं वाईट काही नाही.

जेवणाकडे वळण्याआधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती इथल्याच डोंगरातली आहे. १८२४ मध्ये हडसनकडे तोंड करून असलेल्या कड्यावर कॅट्सकिल माउंटन हाउस नावाचं मोठं हॉटेल उघडलं. न्यू यॉर्कचे लोक बोटीने नदीतून यायचे आणि पुढे घोडागाडीने वर चढायचे. डोंगरातल्या सुट्टीची या देशातली प्रथा रुजवण्यात त्या हॉटेलचा मोठा वाटा आहे. १८८० च्या सुमाराला तिथे नेहमी उतरणारे हार्डिंग नावाचे फिलाडेल्फियाचे वकील जेवणात वेगळा पदार्थ मागते झाले, तळलेली कोंबडी, असं सांगतात. मालकांनी ठाम नकार दिला. तेव्हा हार्डिंगनी जवळच्याच डोंगरावर स्वतःचं भलं मोठं हॉटेल बांधलं, आणि ते १८८१ मध्ये सुरूही झालं. पाहुण्याची जेवणाची मागणी इथे तेव्हापासून गांभीर्याने घेतात असं नाही, पण आजचे इनवाले आधी कळवलं तर मनापासून करतात. कळवायला मात्र हवं.

नाश्ता इनच्या दरात असतो आणि साधारण साडेआठ ते दहा या वेळेत मिळतो. आईवडील सहाला उठणारे असतील तर चहा-कॉफी किती वाजता ठेवतात ते विचारा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका, त्यात अंडं धरलं जातं. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध-दही-लोणी चालतं, असं वेगवेगळं सांगा, आणि ईमेलमध्ये लिहून द्या. पॅनकेकच्या पिठात अंडं असतं, आदल्या दिवशी कळलं तर बिनअंड्याचं पीठ करता येतं. ओट्स, फळं, भाजलेले बटाटे, टोस्ट, मेपल सिरप एवढं कुठेही होतं. रात्रीच्या जेवणाची वेळ सांभाळा: गावातली स्वयंपाकघरं आठ-साडेआठलाच बंद व्हायला लागतात. दोन्ही रात्रींची टेबलं घरूनच राखून ठेवा, साडेपाच-सहाची.

खोलीत स्वयंपाक करू नका. इंडक्शन आणि कुकर घेऊन जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यामागची माया मला कळते, कारण आईला दोन दिवस वरणभात नाही म्हटल्यावर लेकीसुनांचा जीव कासावीस होतो. पण त्या लाकडी घरांत धुराचे अलार्म फार संवेदनशील असतात. कुकरच्या वाफेनेही वाजू शकतात, आणि वाजले की सगळं इन रात्री अंगणात उभं राहतं. उदबत्ती आणि निरांजनाचंही तेच. वडिलांची रोजची पूजा असेल तर सेलवर चालणारा छोटा दिवा न्या. उघडी ज्योत जवळजवळ सगळीकडे मना आहे. त्याऐवजी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, आणि दह्याचा डबा न्या. इनमध्ये फ्रिज आणि किटली आहे का हे फोनवर विचारलेलं असलं की एक वेळचं जेवण सहज भागतं. डबा रात्रभर गाडीत ठेवू नका. इथे काळी अस्वलं आहेत आणि बंद गाडीतलं अन्न त्यांना बाहेरून कळतं.

रस्ता: महामार्ग २८७ ने उत्तरेला सफर्नपर्यंत, तिथून थ्रूवे धरून किंग्स्टन. टोल आता सगळा कॅमेऱ्याने कापला जातो, टोल आपोआप भरणारा ई-झेडपास गाडीत लावलेला असू द्या. वाटेत हॅरिमनला वूडबरी कॉमन हा दुकानांचा मोठा मॉल लागतो. जाताना तिथे थांबू नका. आईला ती दुकानं बघायची असतील तर त्यासाठी वेगळा दिवस काढा. तिथे दोन तास गेले की अंधारात इन गाठावं लागतं, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, आणि याच महिन्यापासून ती सर्वांत जास्त फिरतात. चार वाजेपर्यंत पोचायचं ठेवा. किंग्स्टनच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, बाजूच्या खोऱ्यांत तर नसतेच. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि इनचा पत्ता कागदावर लिहून ठेवा. मोठं हॉस्पिटल किंग्स्टनला आहे, पश्चिमेला मार्गारेटव्हिलला लहान आहे. आईवडिलांच्या विम्याचे कागद आणि औषधं हातातल्या पिशवीत.

दोन दिवसांत काय करावं? थोडंच. गुरुवारी जाताना रूट २८ वरून जरा वळून अशोकन जलाशयावर थांबा. तिथल्या बांधाजवळ सपाट, डांबरी, गाड्या नसलेला रस्ता आहे, एका बाजूला पाणी आणि पलीकडे कॅट्सकिलची पूर्ण रांग. आई जमेल तेवढं चालेल आणि जमेल तिथून परत फिरेल. न्यू यॉर्क शहराच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा या डोंगरांतून येतो, तोही न गाळता, म्हणून इथल्या जंगलावर आणि बांधकामावर इतके निर्बंध आहेत. या जलाशयासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इसोपस खोऱ्यातली गावं उठवली गेली, कबरी उकरून दुसरीकडे नेल्या गेल्या. पुण्याच्या माणसाला मुळशी आठवल्याशिवाय राहणार नाही. वडिलांना हे तिथे उभं राहून सांगा.

शुक्रवारी सकाळी नाश्ता करून रूट २१४ ने उत्तरेला निघा. अरुंद खिंडीतून जाणारा हा रस्ता रंगांच्या दिवसांत स्वतःच बघण्यासारखा आहे. वर हेन्स फॉल्सजवळ काटरस्किल धबधबा: दोन टप्प्यांत मिळून २६० फूट. रूट २३ए वरून चढणारी वाट तुमच्यासाठी नाही. ती खडकाळ आहे, आणि तिथे पोचायला वाहत्या रस्त्याच्या कडेने चालावं लागतं. लॉरेल हाउस रोडच्या टोकाला गाडी लावा. तिथून थोड्याच अंतराची, जवळजवळ सपाट वाट वरच्या सज्जापर्यंत जाते आणि तिथून सगळी दरी दिसते. कोरडा महिना गेला असेल तर पाण्याची बारीकशी धार असेल, मनाची तयारी ठेवा. पूर्वी वर असलेल्या हॉटेलचे लोक पाणी अडवून ठेवायचे आणि पैसे घेऊन पाहुण्यांसाठी सोडायचे! दहाच्या आत पोचलात तरच गाडीला जागा मिळेल.

जवळच नॉर्थ-साउथ लेक आहे, तिथे गाडीमागे प्रवेश शुल्क घेतात. वर सांगितलेलं कॅट्सकिल माउंटन हाउस होतं ती जागा तिथून थोडं चालून गाठता येते. हॉटेल आता नाही. ते मोडकळीला आलं, आणि राज्य सरकारने २५ जानेवारी १९६३ ला ते जाळून टाकलं, कारण राज्यघटनेनुसार ही जंगलाची जमीन कायम रानच ठेवायची आहे. उरला आहे तो उघडा कडा. खाली हडसनचं खोरं मैलोगणती पसरलेलं, आणि पायाखालच्या कातळात एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांनी कोरलेली नावं. नीट वळणदार अक्षरांत, छिन्नीने, वेळ घेऊन कोरलेली. मला या डोंगरात सर्वांत प्रिय जागा हीच आहे. कड्याला कठडा नाही, मुलीचा हात सोडू नका.

तिथून दोनपर्यंत इनवर परत या आणि उरलेला दिवस काहीही करू नका. व्हरांड्यात खुर्च्या टाका, मुलीला ओढ्याकाठी दगड गोळा करू द्या. लोक या दुपारी अजून एक ठिकाण घुसवतात आणि सगळी सहल थकव्यात जाते. इनचे पैसे तुम्ही याच दुपारसाठी भरलेले आहेत.

शनिवारी निघताना वीस-पंचवीस मिनिटं पश्चिमेला बेलेअरला जा. राज्य सरकार चालवत असलेल्या या स्की डोंगरावर बंद गोंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणारा पाळणा आहे आणि रंगांच्या दिवसांत ती सहसा वीकेंडला चालू असते. त्या शनिवारचं वेळापत्रक आधी तपासा. गुडघे दुखणाऱ्या आईला एक पाऊलही न चढता डोंगरमाथ्यावर नेण्याचा हा सोपा मार्ग आहे. वर वारा बोचरा असतो, पाचशे मीटर चढलात की हवा साधारण तीन अंश सेल्सिअसने गार होते. कानटोपी आणि शाल हातात ठेवा.

एका गोष्टीची काळजी सगळ्यांनी घ्यायची: गोचीड. लाइम हा जिवाणूंचा आजार पसरवणारी गोचीड या भागात भरपूर आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिची मोठी झालेली मादी पुन्हा जोरात असते. आकार तिळाएवढा, रंग तांबूस-काळा. गवतात आणि पाचोळ्यात शिरू नका, पायजम्याचे पाय मोज्यात खोचा. रोज संध्याकाळी मुलीचे कानामागचे भाग, केसांची कड, काखा, गुडघ्यामागची जागा नीट तपासा. आईवडिलांनाही तपासायला सांगा. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडीचा चटका काही नको. लाइमचा संसर्ग व्हायला ती सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी खरंच वाचवते. काढल्यावर तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. तीन दिवसांच्या आत कळवलं तर ते एक खबरदारीचा डोस देऊ शकतात.

शेवटी रद्द करण्याचा नियम. लहान इन्स साधारण चौदा दिवसांची मुदत देतात, त्यानंतर पैसे परत मिळत नाहीत, आणि खोल्या मोजक्याच असल्यामुळे त्यांची बाजूही बरोबर आहे. पण भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांचं तब्येतीचं सांगता येत नाही, म्हणून बुक करतानाच विचारा: आजारपण आलं तर पैसे पुढच्या तारखेसाठी जमा ठेवाल का? बहुतेक जण हो म्हणतात. तळमजल्याची खोली, शॉवर, अंड्याविना नाश्ता आणि हे आश्वासन, चारही गोष्टी एका ईमेलमध्ये लिहा, त्यांचं उत्तर येऊ द्या, आणि मगच कार्डचा नंबर द्या.